जोडाखाली

"दाब बटण," कौतिकआबा म्हणाले.

ते बरोबर पाइपाच्या जोडाखाली उभे होते. डोक्यावर हातभर उंचीवर पांढरा पीव्हीसी पाइप, कोपऱ्यात नवा कॉम्प्रेसर आणि बटणापाशी त्यांचा मुलगा नीलेश. त्याचा हात काही पुढे होईना.

यावलच्या घरामागच्या या शेडमध्ये नीलेश हवेच्या फवाऱ्यानं मोटरसायकलच्या टाक्या रंगवायचा. हवेची रबरी नळी सारखी पायात यायची, म्हणून भिंतीवरून कायमचा पाइप न्यायचं ठरलं. लोखंडीच न्यायचा, हेही त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण तो दोन दिवस पाचोऱ्याला काय गेला, आबांनी बागेतला उरलेला पाइप काढला आणि बसवून मोकळे! काम मात्र असं देखणं की बघत राहावं. एक जोड तिरका नाही.

हवेला हा पाइप चालत नाही, हे आता या माणसाला सांगायचं कसं? आबांनी चाळीस वर्षं केळीच्या बागांतून पाइप टाकले. गुडघे गेले आणि कुणी कामाला बोलावेनासं झालं. वर्षभर ते ओट्यावर नुसते बसून होते. "दोन दिवस माणूस पोटभर जेवलाय रे. काही बोलू नको," आई बेबाबाईनं सकाळीच बजावलं होतं.

तरी नीलेश बोललाच. "आबा, पाण्याचा पाइप फुटला तर पाणी वाहून जातं. दाबलेली हवा सुटली की पाइपाचे तुकडे उडतात. काचेच्या बरणीसारखे. मी आधी होतो त्या कारखान्यात एकाचा डोळा गेला, बघितलंय मी."

"एवढं पाण्याचं वजन सोसतो हा पाइप," आबा हसले. "अन् हवेले घाबरीन? तू मले पाइप शिकवू नको."

मग त्यांनी आपला नेहमीचा शिरस्ता काढला. पहिल्या चाचणीला फिटरनं स्वतः जोडापाशी उभं राहायचं. फुटलाच, तर पहिला फटका त्याला. बागवाल्यांना त्यांनी कधी जवळ येऊ दिलं नव्हतं.

नीलेशची खरी पंचाईत इथंच होती. आज पाइप टिकणार, हे त्यालाही ठाऊक होतं. आज टिकेल, महिनाभर टिकेल. मग मे महिन्यात पत्रा तापेल, तापून तापून पाइप ठिसूळ होईल आणि एखाद्या दुपारी काही न सांगता फुटेल. म्हणजे बटण दाबलं तर आबा जिंकणार आणि पाइप कायमचा भिंतीवर राहणार. नाही दाबलं, तर आबा पुन्हा ओट्यावर. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

"दाबतं का नाही? का बापाच्या कामावर भरवसा नाही तुले?"

नीलेश बटणापासून निघाला. आबांचे खांदे धरून त्यानं त्यांना हळूच बाजूला केलं आणि स्वतः जोडाखाली जाऊन उभा राहिला.

"तुम्ही दाबा, आबा."

"तू कायले तिथं? फिटर मी हाये."

"तुम्ही आज एकदा उभे राहणार. रोज इथं मीच उभा असणार ना? दाबा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो दमला होता, एवढंच.

"दाबतोच, पाह्य," आबा म्हणाले. लंगडत ते कॉम्प्रेसरपाशी गेले. बटणावर अंगठा ठेवला. वर पाहिलं. जोड अगदी सरळ होता. त्याच्याखाली नीलेशचं डोकं होतं, कपाळावर निळ्या रंगाचा शिंतोडा. आबांनी अंगठा उचलला. जोडापाशी जाऊन तो बोटानं सगळीकडून चाचपला, परत आले, पुन्हा अंगठा ठेवला.

दारात चहा घेऊन आलेली बेबाबाई तशीच थांबली. बटण काही दाबलं जाईना.

"आबा?" नीलेश म्हणाला.

"सर तिथून," आबा कसेबसे म्हणाले. "सर रे बाबा. मले भेव वाटते."