लॉगिन होईपर्यंत

दोन हजार तीनच्या सुमारास आर्वीच्या त्या ऑफिसात सकाळी पासवर्ड टाकला, की कम्प्युटर उघडायला चांगला वेळ लागायचा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची रुचिका खुर्ची ओढून रुख्मिणीताईंजवळ येऊन बसायची. नवं लग्न, माहेर दूर अल्लीपूरला. काल सासरी कोण काय बोललं, ते सगळं सांगून ती मोकळी व्हायची.

मग वर्ध्याहून धीरज इंजिनिअर आला. "तुमचा जुना सर्व्हर कवाचाच काढून टाकला हाये, पण हे कम्प्युटर रोज आधी त्यालेच शोधून राह्यले," म्हणाला आणि नेटवर्क दुरुस्त करून गेला. साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून पासवर्ड टाकताच काम सुरू. ऑफिस कसं चिडीचूप झालं. रुख्मिणीताईंना त्या गप्पांवाचून करमेना.

एका सकाळी रुचिका आली ती डोळे सुजवूनच. मान खाली घालून कामाला लागली.

"रुचिका," रुख्मिणीताईंनी हाक मारली, "माहा कम्प्युटर आज उघडूनच नाई राह्यला वं. बस न इथं जराशी."

रुचिका येऊन बसली. रुख्मिणीताईंनी पासवर्ड अजून टाकलाच नव्हता.