दर्या शांत कर

शर्वरी तांडेलने आपल्या सर्फिंग शाळेच्या फळ्यावर सलग बाराव्या दिवशी लिहिलं, 'वारा मंद, आकाश निरभ्र, लाटा नाहीत.' मग तिने वैतागून लाटनियंत्रण केंद्राला फोन लावला.

"बाई, खोल पाण्यातली भिंत तुमच्या गावाच्या मागणीप्रमाणेच लाटा अडवते," तिथला माणूस म्हणाला. "नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या यंत्राने चारशे बारा जणांचं ऐकलं. सगळ्यांचं एकच मागणं, दर्या शांत कर."

"अहो, ते देवाला गाऱ्हाणं होतं. नारळ सोडताना दरवर्षी घालतो आम्ही."

"त्यात तुमचाही आवाज आहे. सगळ्यात मोठा."

शर्वरीने कपाळावर हात मारला. "मग आता काय करायचं?"

"मागणी एकमताने झालीय. एकाने जरी मागे घेतली तरी भिंत उघडेल. यंत्रासमोर तोंडी सांगा."

"हे बारा दिवस आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणत तिने फोन ठेवला आणि तरातरा पाण्याच्या कडेला, यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. 'दर्या उसळू दे,' एवढंच म्हणायचं होतं. समोर दूरवर गावाच्या होड्या मासेमारी करत होत्या. त्यांतली एक तिच्या नवऱ्याची होती.

तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पाय आपटत परत येऊन फळ्यावर आणखी एक ओळ लिहिली, 'उद्याही नाहीत.'

"हा अंदाज कोणी दिला?" सर्फिंग शिकायला येऊन ताटकळलेल्या पाहुण्याने विचारलं.

"मीच," ती करवादली.