आवाजाचा त्रास

लेक बोलायची नाही, पण रोज तासन्‌तास स्वयंपाकघरात आईजवळ बसून राहायची. आईच्या जिवाला तेवढाच आधार. ऑटिझम असलेल्या मुलांना आवाजाचा फार त्रास होतो, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आईने घरघरणारा जुना फ्रिज खालच्या शिंप्याला देऊन टाकला आणि हूं की चूं न करणारा नवा आणला.

तेव्हापासून लेक भिंतीवर डोकं आपटायला लागली. मग आईने कान झाकायचे हेडफोन आणले, जड पांघरूण आणलं, चावायची माळ, मऊ काट्यांचा चेंडू, काय नि काय! लेक एकेक वस्तू भिरकावून द्यायची. "अगं बाई, तुला हवंय तरी काय?" म्हणत आज आई त्या पसाऱ्यातच हमसून हमसून रडली. डोळे पुसून बघते तर दार सताड उघडं आणि लेक गायब!

आई तशीच अनवाणी जिना उतरत सुटली.

"वहिनी, घाबरू नका, ही इथे बसलीये बघा," शिंप्याने दुकानातून हाक मारली.

 

घरघरणाऱ्या फ्रिजला पाठ टेकवून लेक डोळे मिटून शांत बसली होती. रोज आईजवळ बसायची, अगदी तशीच.