पाठवणाऱ्याचं नाव

धनश्रीने पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटली: परवानगी नाही.

"काय म्हनतंय ते?" टेबलाची कड धरून उभ्या असलेल्या राहीबाईंनी विचारलं.

"मेल जात नाहीये, मावशी. थांबा जरा."

रक्तदाता मंडळाच्या कचेरीसमोर, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात राहीबाईंची लेक रेश्मा सकाळीच बाळंत झाली होती. बाळ नीट होतं. रेश्माचं रक्त जायचं मात्र थांबत नव्हतं, आणि तिचा रक्तगट हजारोंत एखाद्याचा. नगरच्या एकाही रक्तपेढीत तो नव्हता. होता तो माणसांच्या अंगात, कुठेकुठे पांगलेला. त्या माणसांनी मंडळाच्या वेबसाइटवर फोन नंबर दिले नव्हते, फक्त मेलचे पत्ते दिले होते. साइटवरून सगळ्यांना एकदम मेल गेला, तरच त्यांना कळणार.

धनश्रीने पासवर्ड तपासला. बरोबर होता.

"आत घेतोय," ती पुटपुटली, "पण पाठवू देत नाही."

तिने सेटिंग उघडलं आणि तिथेच थबकली. पाठवणाऱ्याच्या जागी कानिफनाथांच्या नावाचा पत्ता होता.

"काका, हे कुणी बदललं?"

मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब खुर्चीत सावरून बसले. "मीच. काल पाडवा होता ना. नारळ फोडला आन् नाथांचं नाव घातलं. म्हटलं, देवाच्या नावानं गेलेला निरोप कोन टाळतंय?"

"अहो, पण असा पत्ता आपण काढलाच नाही! नुसता लिहून टाकला. आता मेलवाले विचारतायत, या नावाने बोलायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

काकासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंडळाचा जुना पत्ता घालू का?" धनश्रीने विचारलं.

"नारळ फोडून घातलेलं नाव, दुसऱ्याच दिवशी पुसायचं म्हंजे..."

"पुसा वो," राहीबाई म्हणाल्या. "नाथाला काय सांगायचं ते मी सांगते. माझं न्हाई ऐकायचा व्हय त्यो?"

काकासाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. "पूस, पोरी."

धनश्रीने नाव पुसलं, जुना पत्ता लिहिला आणि बटण दाबलं. लाल ओळ आली नाही.

तिघंही पडद्याकडे बघत राहिली. काही वेळाने पहिलं उत्तर आलं. धनश्रीने मोठ्याने वाचलं, "भंडारदऱ्याला पाहुण्यांना घेऊन आलोय. त्यांना दुसरी गाडी करून देतो आणि निघतो."

ती वाचते आहे तोवर त्याच्यावर दुसरं येऊन बसलं.

"आज माझा उपवास आहे. आत्ता सोडते, दोन घास खाते आणि येते."

राहीबाई पुढे झुकल्या. "कोन हाय ही बाई?"

"नाव नाही लिहिलं, मावशी."

"तुमच्या वळखीची हाय?"

"नाही हो."

"मग आमची रेश्मा कोन, ते तरी ठाव हाय का तिला?"

"नाही. आपण फक्त रक्तगट लिहिला आणि दवाखाना."

राहीबाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं. उभ्या जागीच त्यांनी, देवळापुढे काढाव्यात तशा, पायातल्या चपला काढल्या, आणि पायानेच हळूच मागे सारल्या.