सातवं लिनक्स

“कुणाला खरं वाटणार नाही, पण तुझं गाणं ऐकून तारेवरचे कावळेसुद्धा गप्प झाले!” नरहरपंत बटणांच्या फोनवर लेकीला सांगत होते.

खरं तर गप्प होता तो जुना लॅपटॉप. लेक ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळाच्या इंटरनेट रेडिओवर पहिल्यांदाच गाणार, म्हणून पंतांनी सकाळपासून त्यावर सहा प्रकारची लिनक्स, म्हणजे संगणक चालवणाऱ्या फुकटच्या प्रणाली, बसवून पाहिली होती. एकाला वायफाय सापडेना, दुसऱ्याला कंठ फुटेना. सातवं कुठलं घ्यावं, या घोळात गाण्याची वेळ टळून गेली. पंत डोक्याला हात लावून बसले होते, तेवढ्यात तिचाच फोन आला.

“आणि भैरवी कशी झाली, बाबा?”

“भैरवीला तर तुझी आई ढसाढसा रडली!”

“किती थापा माराल! आधीच्या वक्त्याचं भाषण आवरेचना, माझं गाणं उद्यावर ढकललंय.”