चौथं देणं

संरक्षण खात्याच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याची, सोहेलची निवड झाली, पण पडताळणीच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: थकलेली कर्जं.

"थकबाकीदाराला गुप्त विभागात घेत नाहीत म्हणे," मी म्हणाले. "'नाही' लिही आणि मोकळा हो. आपल्या अम्माराच्या दुधाचा तरी विचार कर."

"रशिदा, लपवलं तर ज्याला कळेल तो मला नाचवेल," असं म्हणून त्यानं रकाना भरला, वर एक जादा कागद जोडला. मी रागानं तो वाचलासुद्धा नाही.

महिन्याभरानं चौकशी अधिकारी वराळ्यातल्या आमच्या घरी आले. सोहेल त्याच्या जुन्याच कामावर गेला होता.

"क्रेडिट कार्ड, मोबाइलवरचं कर्ज, बाइकचे हप्ते. ही तिन्ही आम्हाला आधीच ठाऊक होती. लिहिली नसती, तर फाइल तिथंच बंद केली असती."

मी रांगत आलेल्या अम्माराला कडेवर घेतलं.

"आता हप्ते बांधून घेतलेत, फेडतोय. त्याचं काही नाही. अडलंय ते चौथ्या देण्यावर. कुठल्याच बँकेत, पतपेढीत सापडत नाही." त्यांनी कागद चष्म्याजवळ धरला. "सोन्याची चेन, दीड तोळा. मुलीला जन्मल्यावर दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं तेव्हा मोडली, अजून परत केलेली नाही. देणं आहे रशिदा चाँदभाई तांबोळी यांचं. या बाई कुठं भेटतील?"

किती दिवसांनी माहेरचं नाव ऐकत होते.

"बसा ना साहेब," अम्माराला कडेवर सावरत मी म्हणाले, "मीच ती."