उजवा डोळा

"पापणी लवली तर चालेल, पण मान हलली तर बघ," दुभाष्या गिर्गिसने दम भरला. शहाताने आडव्या पडलेल्या दगडी राजाच्या गालाला डोकं टेकवलं. फिरंगी साहेबाने छबी टिपायच्या पेटीचं झाकण काढलं. राजाचं तोंड केवढं मोठं, हे दाखवायला त्याला शेजारी एक माणूस हवा होता. कुर्ना गावात तरणाताठा असा शहाता एकटाच उरला होता. पाशाची नाव कालच नदीच्या किनाऱ्याला लागली होती, अंमलदार फौजेसाठी पोरं धरत होता आणि बाकीचे सगळे डोंगरातल्या थडग्यांत दडले होते.

शहाताला दडायची गरज नव्हती. नेम धरायचा उजवा डोळाच नसलेला गडी फौजेला नको असतो.

त्याची आई बहिया सावलीत बसून बघत होती. तिचा थोरला मागे फौजेत गेला तो परतलाच नाही. म्हणून पुढच्या भरतीआधी धाकट्याचा डोळा तिनेच दाभणाने फोडला. गावाने तिला नावं ठेवली नाहीत. घरोघरी मातीच्याच चुली; प्रत्येक घरातून कुणी ना कुणी फौजेत गेला होता.

थोड्या वेळाने साहेब तंबूतून छबी उमटलेला चांदीचा पत्रा घेऊन आला. स्वारी खुशीत होती.

"बघ मावशी, तुझं लेकरू," गिर्गिसने पत्रा तिच्या हातात दिला. "साहेब आज अंमलदाराकडे जेवायला जाणार. तिथे दाखवणार आहे."

बहियाने पत्रा कलता करून पाहिला आणि डोळ्यांजवळ नेला. शहाताचा उजवा डोळा उघडा होता, चांगला धडधाकट. मिटलेला होता तो डावा.

"हे उलटं आहे."

"आरशात दिसतं ना, तसंच. ही पेटी सगळं उलटं काढते."

"हे अंमलदाराला कोण सांगणार? एकदा पोराच्या मानेला दोर पडला की डोळे तपासायला कोण थांबतं?"

"साहेब म्हणतो, पेटी खोटं बोलत नाही," गिर्गिस हसला. "मी कशाला मध्ये तोंड घालू?"

बहिया पुन्हा पत्र्याकडे बघू लागली. किती वर्षांनी दिसत होता तो डोळा. तिने तो मन भरेस्तोवर पाहिला. मग त्यावर अंगठा टेकवला आणि दाबून घासला. काजळी पुसावी तसा शहाता गेला, शेजारचा राजाही गेला.

साहेब किंचाळला. गिर्गिसने तिच्या हातातून पत्रा हिसकावला. शहाता धावत आला.

"आई, कसा दिसत होतो गं मी?"

"पहिल्यासारखा."

साहेबाने शिव्या आवरत्या घेतल्या आणि पेटीत दुसरा पत्रा बसवला. "चल रे, पुन्हा उभा राहा," गिर्गिस म्हणाला. "ऊन आहे अजून."

बहिया उठली. शहाताजवळ जाऊन तिने त्याची हनुवटी धरली आणि हळूच म्हणाली, "दोन्ही डोळे मीट, बाळा."

शहाता दोन पावलं मागे सरला. दाभण घेऊन आली तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.